उतारावरचा हात

संघपाल सरवदेच्या शेजारी बसलेल्या माणसाला झोप लागते, अशी त्याची ख्याती होती, आणि ती उगाच नव्हती. सांगोला तालुक्यात पाण्याचा टँकर चालवण्यात त्याची सगळी उमेदीची वर्षं गेली. टँकर हाकणं येरागबाळ्याचं काम नाही. टाकीतलं पाणी मागंपुढं हिंदकळतं, आणि ब्रेक जरा जोरात दाबला की ते सगळं पाठीमागून येऊन गाडीला ढकलतं. ज्याला घाई असेल त्यानं टँकरवर बसूच नये. संघपालला घाई कधी नव्हतीच, जेवताना नाही, बोलताना नाही आणि लग्न करतानाही नाही.

त्याचा उस्ताद गुंडा म्हणून एक जुना ड्रायव्हर होता. मालक डिझेल मापून द्यायचा, त्यामुळं गुंडानं पहिल्याच महिन्यात पोराच्या डोक्यात भरवलं होतं, "मोकळा टँकर घिऊन येताना उतार दिसला की न्यूट्रल. उतारावर इंजनाला डिझेल पाजतोय त्यो डायवर न्हाय, घरबुडव्या हाय." शहाणी माणसं म्हणतील, हे जिवाशी खेळणं झालं. झालंच. पण दुष्काळात शहाणी माणसं टँकरवर नसतात, टँकरची वाट बघत घागरी घेऊन उभी असतात. गुंडाचा दुसरा धडा असा, की चालू इंजिन कधी बंद करायचं नाही, कारण बॅटरी कायम मेलेली. हे दोन धडे संघपालच्या हाडात मुरले. उतार आला की त्याचा डावा हात आपोआप गियरच्या दांड्यावर जायचा आणि तो न्यूट्रलमध्ये ओढायचा. मनाला पत्ताही लागायचा नाही.

पाठ दुखायला लागली तेव्हा त्यानं टँकर सोडला आणि सोलापुरात आप्पांच्या घरी गाडीवर लागला. आप्पा म्हणजे मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले शेतकरी. बायकोच्या, बजाबाईंच्या किडन्या गेल्या, आठवड्यातनं तीनदा डायलिसिस करावं लागणार म्हटल्यावर त्यांनी रानात गडी ठेवला आणि विजापूर रोडला घर घेतलं. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं, उदयसिंहानं, फोनवरून गाडी पसंत केली. नवीन नमुन्याची पेट्रोल गाडी, मऊ सीटांची. आप्पांनी ती स्वतः जाऊन आणली, पुढच्या काचेला लिंबू-मिरची बांधली, आणि वर्षाच्या आत एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मग घरात बजाबाई राहिल्या, दारात गाडी राहिली आणि गाडीत संघपाल राहिला.

बजाबाईंना तो आक्का म्हणायचा. आक्का पहिल्याच दिवशी मागचं दार सोडून पुढं येऊन बसल्या होत्या. "मागं बसाय मी काय पाव्हणी हाय व्हय? पुढनं रस्ता दिसतोय," असं म्हणाल्या. त्यांची बहीण सांगोल्याकडं दिलेली होती आणि तिच्या गावाला एका दुष्काळात संघपालनंच पाणी पुरवलं होतं, हे कळल्यावर तर त्यांनी त्याला घरचाच केला. घर ते डायलिसिसचं हॉस्पिटल, अंतर एवढंसंच. पण आक्कांचा हात सुयांनी सुजलेला असायचा, म्हणून संघपाल एकेक खड्डा चुकवत बैलगाडीच्या चालीनं जायचा. त्या बाहेर येण्याआधी बराच वेळ इंजिन चालू करून, थंड हवा लावून बसायचा. घामानं डबडबलेली बाई गार गाडीत टेकली, डोळे मिटून हुश्श म्हणाली, की त्याचा दिवस सार्थकी लागायचा. या मायेनंच गाडीचा घास घेतला, हे त्याला कुठून ठाऊक असणार.

दिवाळीनंतर समोरच्या मीटरच्या काचेवर एक पिवळा दिवा लागला. नळकांड्याचं चित्र आणि आत ठिपके. संघपालनं त्यावर बोटानं टिचकी मारली. दिवा गेला नाही. पंधरवड्यात गाडी जड झाली. ॲक्सिलरेटर दाबला तरी म्हशीनं चिखलात बसावं तशी बसून राहायची, आणि मग कुरकुरत निघायची. हॉस्पिटलपर्यंत जायची-यायची, पण तिच्यात जीव नव्हता.

नेमकं त्याच सुमारास आक्कांचंही तसंच झालं. दोन पावलं चालल्या की धाप लागायची. डॉक्टरांनी उदयसिंहाला फोनवर सांगितलं, की हृदय थकलंय, जपा. आक्कांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ज्याचं जळतं त्याला कळतं. एका दुपारी हॉस्पिटलमधून परतताना त्या म्हणाल्या, "संघपाल, मला एकदा रानात घिऊन चल. शाळू निसवाय लागला आसंल. ह्यांच्या गाडीत बसून ह्यांचं रान बगायचंय. हुरडा झाला की काढणी, मंग बगाय काय उरतंय?"

शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि ती निसवताना, म्हणजे कणसं बाहेर पडताना, मंगळवेढ्याच्या माणसाला दाखवली नाही तर त्याचं वर्ष फुकट जातं. संघपालनं तिथल्या तिथं हो म्हटलं. संध्याकाळी उदयसिंहाला फोन लावला. तो काळजीचा माणूस. म्हणाला, "दादा, तो लाइट लागलेला असताना आईला शहराबाहेर न्यायचं नाही. रस्त्यात गाडी बंद पडली आणि आईला काही झालं तर? आधी लाइट जाऊ दे, मग खुशाल न्या." यात चूक काढायला जागा नव्हती. संघपालनं दुसऱ्या कुणाची गाडी आणून न्यायचं विचारलं, तर आक्काच अडून बसल्या. "ह्यांच्या गाडीनं न्हेणार आसशील तर न्हे, न्हायतर ऱ्हाऊ दे." झालं. आता सगळं त्या एका पिवळ्या दिव्यावर येऊन थांबलं.

कंपनीच्या शोरूममध्ये सांगितलं, फिल्टर बदलावा लागेल, बाहेरून मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. शाळू काही त्यांच्या फिल्टरसाठी थांबणार नव्हता. म्हणून संघपाल अक्कलकोट रोड एमआयडीसीत मंजुनाथकडं गेला. मंजुनाथ मूळचा अक्कलकोटच्या पलीकडचा, घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि इंजिनाशी बोलायला दोन्ही. शेजारी टॉवेलचे माग खडखडत असायचे, त्यामुळं तो सदा ओरडून बोलायचा.

त्यानं गाडीखाली शिरून बघितलं, लॅपटॉप जोडला आणि बाहेर येऊन समजावलं. "सायलेन्सरच्या वाटेवर एक चाळण असते बघ, शोरूमवाले फिल्टर म्हणतात ती. पेट्रोलची काजळी तिथं अडकते. गाडी लांब पळाली, चाळण तापली, की काजळी आपोआप जळून जाते. तू पळवतोस कुठं? घर ते दवाखाना. इंजन गरम व्हायच्या आत बंद. नाहीतर उभ्या उभ्या चालू. चाळण तुंबंल नाही तर काय होईल?"

संघपालचा चेहरा पडला. "मी आक्कांसाटी हळू चालवतो," तो म्हणाला.

"तुझी आक्का खूश, गाडी नाराज. हे बघ, चुलीत लाकूड नुसतं तापून जाळ धरत नाही, फुंकावं लागतं, खरं का नाही? तसंच हिचं. मंगळवेढा रोडला काढ, चांगली दमात पळव, चाळण तापू दे. मग उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोड. पाय सोडला की पेट्रोल बंद होतं, नुसती हवा आत जाते, आणि काजळी पेटून साफ. दिवा जाईल."

इतकं सोपं. संघपाल रविवारी सकाळी निघाला तेव्हा आक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, चप्पल घालून. "मी येती की," म्हणाल्या.

"आज नगं आक्का. दिवा गेला की पुढल्या रविवारी न्हेतो. रस्त्यात थांबली तर तुमास्नी कुटं ठिवू?"

त्यांनी चप्पल काढून खुर्चीखाली सारली.

रिकामी गाडी घेऊन संघपाल सुटला. कामतीच्या पुढं रस्ता मोकळा झाल्यावर त्यानं आयुष्यात पळवली नव्हती इतकी गाडी पळवली. भीमेच्या पुलाकडं उतार लागला. मंजुनाथनं सांगितलं होतं तसा त्यानं पाय सोडला. गाडी आवाज न करता, लोण्यावरून जावी तशी खाली उतरत गेली. पूल आला, पलीकडचा चढ आला, दिवा तसाच. मंगळवेढ्याच्या अलीकडं आक्कांच्या रानाचा फाटा लागतो. आलोच आहे तर बघून जावं, म्हणून तो वळला. शाळू कमरेच्या वर गेला होता, कणसं बाहेर पडून दाणा धरू लागली होती. गड्यानं चहा दिला. परत येताना पुन्हा पळवली, पुन्हा पाय सोडला. दिवा जळतच होता.

आक्का खुर्चीतच होत्या. दिव्याचं त्यांनी विचारलंच नाही. "शाळू कसा हाय?" एवढंच विचारलं. त्यानं हातानं उंची दाखवली, कणसं सांगितली, ओढ्याकडच्या पट्टीला चिकटा पडलाय तेही सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या.

मंजुनाथनं मग पाणी कुठं मुरतंय ते शोधायला सुरुवात केली. चाळणीच्या अलीकडं नि पलीकडं दोन बारीक रबरी नळ्या असतात, त्यांवरून गाडीला कळतं की चाळण किती तुंबली आहे. नळ्या काढून फुंकून बघितल्या, चिरलेल्या नव्हत्या. इंजिन बंद असताना त्या नळ्यांतल्या दाबाचा आकडा शून्य दाखवायला हवा, तो शून्यच होता. प्लग काढले, बरे निघाले. ऑइल तपासलं, योग्य होतं. तरी त्यानं दाब मोजणारा सेन्सर नवा आणून बसवला. "आता जाऊन ये," म्हणाला.

दुसऱ्या रविवारी संघपाल पुन्हा एकटा गेला. आक्का दारापर्यंत आल्या नव्हत्या, खिडकीतूनच बघत होत्या. तोच रस्ता, तोच वेग, तोच उतार, तोच सोडलेला पाय. दिवा तोच. येताना त्यानं शाळवाचं एक ताट उपटून आणलं. आक्कांनी कणीस हातात घेतलं, नखानं दाणा फोडला, दूध आलं ते जिभेला लावलं. "आजून आट-धा दिस. मंग हुरडा," त्या म्हणाल्या, आणि ते ताट पलंगाशेजारी उभं करून ठेवायला लावलं. त्यांच्या पायांवर सूज चढली होती. संघपालनं ती पाहिली आणि मग पुन्हा पाहायचं टाळलं.

त्या आठवड्यात त्याला जेवण गेलं नाही. डायलिसिस चालू असताना तो गाडीत बसून त्या दिव्याकडं बघत राहायचा. टँकर फुटला, टायर फुटलं, ॲक्सल तुटला, सगळं त्यानं रस्त्यात निस्तरलं होतं. आणि हा करंगळीच्या नखाएवढा दिवा त्याला हरवत होता. एकदा तर त्यानं त्यावर चिकटपट्टी लावली आणि उदयसिंहाला दिवा गेला म्हणून कळवायला फोन उचलला. मग आक्का अर्ध्या रस्त्यात धापा टाकतायत आणि गाडी थांबली आहे, असं चित्र डोळ्यांपुढं आलं. त्यानं फोन ठेवला, चिकटपट्टी सोलून काढली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. खोटं बोलायचं धाडस नव्हतं आणि खरं करायची अक्कल नव्हती, अशी त्याची गत झाली.

बुधवारी तो मंजुनाथच्या दारात जाऊन बसला आणि उठेना. "तू संगं चल," म्हणाला. "माजं कायतरी चुकतंय, ते तू बग."

मंजुनाथनं हातातलं काम टाकलं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला. गाडी शहराबाहेर पडली. तो आकडे वाचत होता, "गरम झाली. झक्कास. चाळण तापली. आता उतार येऊ दे." भीमेकडचा उतार आला. संघपालनं पाय सोडला. मंजुनाथ पडद्याकडं बघत राहिला, कपाळाला आठी पडली.

"पाय सोडलास?"

"व्हय की."

"मग पेट्रोल चालूच कसं? इंजन उभ्या गाडीसारखं फिरतंय." त्यानं मान वर केली, मीटरकडं बघितलं, आणि मग खाली, दोघांच्या मधल्या दांड्याकडं. संघपालचा डावा हात त्यावर होता. दांडा न्यूट्रलमध्ये होता.

"हे कधी केलंस?"

संघपालनं स्वतःच्याच हाताकडं असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "म्या... उताराला न्यूट्रलच करत्यात की."

मंजुनाथनं लॅपटॉप मिटला. ओरडून बोलणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलला. "अय्यो, संघपाल. न्यूट्रल केलंस की इंजन आपलं आपलं फिरत राहतं, पेट्रोल पीत राहतं. हवा जाणार कुठनं? गियरात ठेवून पाय सोडायचा, तेव्हा पेट्रोल तुटतं. चूल तापवलीस आणि फुंकायच्या वेळी फुंकणीवर बोट ठेवलंस. मी नळ्या बघतोय, सेन्सर बदलतोय, प्लग काढतोय. माझीबी चूक. पाय सोड म्हटलं, गियर धर म्हटलं नाही. हे सांगायला लागंल असं वाटलंच नाही."

काखेत कळसा नि गावाला वळसा. सगळी गाडी उसवून झाली आणि दुखणं ड्रायव्हरच्या मनगटात निघालं. पुलाच्या अलीकडून गाडी वळवून त्यांनी पुन्हा चढ चढला, पुन्हा तापवली, पुन्हा उतारावर आणली. या वेळी मंजुनाथनं संघपालचा डावा हात धरून ठेवला, पोराचा धरावा तसा. गाडी गियरातच उतरू लागली. इंजिन घरघरत तिला मागं ओढत होतं. संघपालला ते ऐकवेना. असं वाटत होतं, की गुंडा उस्ताद मागच्या सीटवर बसून शिव्या घालतोय. आक्कांच्या फाट्यापर्यंत जाऊन, तिथनं वळून, चढ-उतार करत ते परत निघाले. कामतीच्या जवळपास कधीतरी दिवा विझला. कधी विझला ते दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.

गाडी पाखरासारखी हलकी झाली होती. मंजुनाथला सोडताना संघपालनं विचारू नये ते विचारलं. "दिवा आसतानाबी गाडी तीनदा गेली नि आली. कुटंच बंद पडली न्हाय. आक्कांना आदीच न्हेलं आसतं तर?"

मंजुनाथला खोटं बोलता आलं असतं. "गेली असती," तो म्हणाला. "जड चालली असती, पण गेली असती."

आक्कांनी बातमी ऐकली आणि लगेच कपाटातलं इरकली लुगडं काढायला लावलं. रविवारी जायचं ठरलं. उदयसिंहही हो म्हणाला, हुरड्याला शेंगदाण्याची चटणी न्या म्हणाला. गुरुवारी संघपालनं आक्कांना डायलिसिसला सोडलं. त्या उतरताना म्हणाल्या, "आता गाडी चांगली झाली, तर जरा पळीव की. झोप येती तुज्या गाडीत." तो हसला. त्या आत गेल्या. मशीनवर असतानाच त्यांचं हृदय थांबलं. संघपाल खाली इंजिन चालू करून, थंड हवा लावून बसला होता.

शुक्रवारी अग्नी दिला, तिसऱ्याला रक्षा सावडली आणि थोडी रानात टाकायची ठरली. उदयसिंहानं मडकं पांढऱ्या फडक्यात बांधून पुढच्या सीटवर ठेवलं, आणि हलू नये म्हणून त्याला पट्टा लावला. तो स्वतः मागं बसला. तो रविवार होता, हे बोलून दाखवायची दोघांनाही गरज वाटली नाही. पलंगाशेजारचं शाळवाचं ताट संघपालनं मागच्या काचेशी ठेवलं होतं. ते पार वाळून गेलं होतं.

कामती मागं पडली. भीमेकडचा उतार आला. संघपालचा हात उचलला गेला आणि दांड्यापर्यंत येऊन थांबला. जित्याची खोड. त्यानं हात मागं घेऊन तो मडक्यावर ठेवला. इंजिन घरघरू लागलं.

"दादा, आवाज केवढा येतोय," उदयसिंह मागून म्हणाला. "उतार आहे, न्यूट्रल करा की. तेवढंच पेट्रोल वाचतं."

संघपालनं हात मडक्यावरच ठेवला. पूल जवळ आला. मग त्यानं सगळं सांगितलं. दिवा का लागला, का जात नव्हता, त्याचाच हात दर खेपेला तो कसा जळत ठेवत होता, आणि दिवा असतानाही गाडी कशी चालली असती, हेही. "माज्या ह्या एका खोडीपायी आक्का जित्यापणी आल्या न्हाईत, साहेब. आज मडक्यात आल्या."

पूल मागं पडला. संघपालनं आरशात बघितलं नाही.

"लाइट गेल्याशिवाय नेऊ नका, असं मीच म्हटलं होतं," उदयसिंह म्हणाला, आणि त्यानं चष्मा काढून पुसला. दोन्हीकडं शाळू उभा होता, कणसं भरलेली, कुठं कुठं हुरड्याचा धूर निघत होता. उदयसिंहानं पुढं बोट दाखवलं.

"तो फाटा बघा दादा. तिथनं आत वळायचं."

"ठाव हाय, साहेब," संघपाल म्हणाला. "तीनदा येऊन गेलोय. रिकामी गाडी घिऊन."